सव्वा तासाचें पॅरिस

प्रवासाहून परत आलेला मनुष्य लेख लिहावयास बसला, म्हणजे आपण काय काय पाहिलें तें सविस्तर सांगतो आणि आपण कोठें कोठें फसलों तें सोयिस्करपणें विसरतो. मी येथें थोडें उलट करणार आहें. पॅरिस नगरीची शोभा, तेथील नदी, पूल, चित्रशाळा यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. माझा विषय त्याहून फार लहान आहे. लंडनच्या विमानतळावरून पॅरिसच्या विमानतळावर जावयास किती वेळ लागतो, एवढाच. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण त्याचें उत्तर चुकीचें धरल्यामुळें माझी एक भाऊबीज हातची जातां जातां राहिली, म्हणून हा लेख.

दिवाळीच्या सुमारास आम्ही उभयतां लंडनला चिरंजीवांकडे होतों. त्याच वेळीं माझी थोरली बहीण पॅरिसला आपल्या मुलीकडे आली होती. ताई आतां त्र्याऐंशी वर्षांची आहे. आई गेली तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. त्यानंतर माझी शाळा, माझा डबा, माझें दुखणेंखुपणें सारें तिनेंच पाहिलें. ती नागपुरास, मी पुण्यास. त्यांत दोघांचीहि वयें झालेलीं. चार वर्षांत आमची भेट नव्हती. आणि योग पाहा कसा, ऐन भाऊबीजेला आम्ही दोघें परमुलखांत एकमेकांपासून साडेतीनशें किलोमीटरांवर येऊन ठेपलों होतों! मात्र माझा फ्रान्सचा व्हिसा नेमका त्या दिवसापासूनचा मिळाला होता, आणि ताईचें भारतांत परतण्याचें विमान त्याच रात्रींचें होतें. तिला संध्याकाळीं सात वाजतां घर सोडणें भाग होतें. म्हणजे काय भेटावयाचें तें त्याच दिवशीं, आणि सातच्या आंत.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, आगगाडीनें जा. सव्वा दोन तास लागतात, पण गाडी गांवांतून सुटते आणि गांवांतच पोंचते.”

मी तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविलेला मनुष्य. अंतराच्या बाबतींत मुलानें मला शिकवावें हें माझ्या पचनीं पडेना. विमानाच्या वेळापत्रकांत सव्वा तास लिहिला होता. सव्वा दोनांतून सव्वा एक वजा केला तर एक तास उरतो, आणि तो तास ताईजवळ अधिक बसावयास मिळतो, असा माझा सरळ हिशेब. नातवाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता. त्यावर लंडनपासून पॅरिसपर्यंत दोरा ताणून मीं त्याला समजावून दिलें कीं, गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग तो हाच. ताणलेला दोरा आपोआप त्याच मार्गावर बसतो. विमानांचीं अंतरें अशींच मोजतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापर्यंत हें अंतर सुमारें ३४८ किलोमीटर, म्हणजे २१६ मैल भरतें. मुंबई-पुणें आगगाडीच्या अंतराची दुप्पटहि नाहीं. आजचें जेट विमान उंचावर स्थिरावलें म्हणजे तासाला आठशेंहून अधिक किलोमीटर चालतें. त्या वेगानें हें अंतर पंचवीस-सव्वीस मिनिटांत संपलें पाहिजे!

येथेंच मला शंका यावयास हवी होती. पंचवीस मिनिटांच्या वाटेला वेळापत्रक सव्वा तास कां देतें? पण शंका आली ती मला नव्हे, आमच्या कुटुंबाला. आणि तीहि निराळीच.

“अहो,” ती वेळापत्रक वाचीत म्हणाली, “जातांना दहा वीसला सुटून बारा पस्तीसला पोंचतें. येतांनाचें एक वाजतां सुटून सव्वा वाजतां पोंचतें. म्हणजे जातांना सव्वा दोन तास आणि येतांना पाव तास! येतांना उतार असतो कीं काय?”

सगळे हंसले, पण ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. पॅरिसचें घड्याळ लंडनच्या घड्याळाच्या एक तास पुढें असतें, म्हणून जातांना एक तास वाढलेला दिसतो आणि येतांना घटलेला दिसतो. खरें लागणें दोन्हीकडे सव्वा तासच. गंमत अशी कीं, सूर्याला विचाराल तर हा तास तो मान्य करणार नाहीं. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेस सव्वा दोन अंशांहून किंचित् अधिक आहे. सूर्याला एक अंश चालावयास चार मिनिटें लागतात. म्हणून दोन्ही ठिकाणच्या माध्यान्हांत खरा फरक केवळ ९ मिनिटें २१ सेकंदांचा. १९११ पर्यंत फ्रान्स आपली पॅरिसचीच वेळ पाळीत असे. त्या वर्षीं जगाबरोबर ग्रिनिचची वेळ घेणें प्राप्त झालें, तेव्हां ग्रिनिचचें नांव घेणें फ्रेंच मानी मनाला रुचेना. म्हणून कायद्यांत ‘पॅरिसच्या वेळेहून ९ मिनिटें २१ सेकंद मागें’ असे शब्द घातले गेले! मग १९४० च्या जूनमध्यें जर्मन सैन्य पॅरिसमध्यें शिरलें आणि शहराचीं घड्याळें बर्लिनच्या वेळेस लागलीं. पुढें युद्ध संपलें, सैन्य गेलें, पण तो तास मात्र तेथेंच राहिला. आपल्याकडे १९०६ पासून सर्व देशाची एक प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईकरांनीं एकूणचाळीस मिनिटें मागें असलेली आपली ‘मुंबई वेळ’ कित्येक वर्षें सोडली नाहीं, हें घरांतील वृद्ध मंडळींच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. घड्याळाच्या कांट्यालाहि अभिमान चिकटलेला असतो तो असा.

असो. भाऊबीजेच्या दिवशीं सकाळीं सात वाजतां, म्हणजे पॅरिसच्या आठ वाजतां, मीं हॅरो येथील घर सोडलें. सूनबाईनीं करंज्यांचा डबा दिला. बाहेर धुकें इतकें दाट होतें कीं, समोरचें झाड दिसेना. विमानतळावर पोंचून, पट्टा-बूट काढून, पिशव्या तपासवून आंत जातों तों फलकावर आमच्या विमानापुढें ‘उशीर’ असा शब्द झळकूं लागला. किती उशीर, तें मात्र कोणी सांगेना.

शेजारीं बसलेल्या एका गृहस्थांनीं मला धुक्याचा कारभार समजावून दिला. धुक्यांत विमान उतरूं शकत नाहीं असें नाहीं; यंत्रांच्या साह्यानें तें दाट धुक्यांतहि उतरवितां येतें. परंतु अशा वेळीं दोन विमानांमध्यें नेहमींपेक्षां अधिक अंतर राखावें लागतें, आणि त्यामुळें तासाभरांत उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. हीथ्रोला धांवपट्ट्या दोनच, आणि त्यांचा दिवस मिनिटामिनिटानें आधींच वांटून दिलेला. पंगतींत एक मनुष्य उशिरां उठला म्हणजे मागच्या सर्व पंगती जशा लांबतात, तशी गत होते.

बसल्या बसल्या माझ्या मनांत एक विचार आला. हीथ्रोच्या शेजारींच हौन्स्लो हीथ म्हणून माळ आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजीं त्याच माळावरून पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाकडे दररोजच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेचें पहिलें विमान सुटलें. एका एंजिनाचें, दोन उतारूंपुरतें लहानसें विमान. पहिल्या दिवशीं त्यांत उतारू एकच होता, तो वर्तमानपत्राचा बातमीदार. बाकी वर्तमानपत्रांचे गठ्ठे, थोडें कातडें, शिकारीचे पक्षी आणि साय! त्यास पॅरिस गांठावयास अडीच तास लागले. त्या काळचे वैमानिक खालीं रस्ते व रूळ पाहून वाट काढीत. ७ एप्रिल १९२२ रोजीं उत्तर फ्रान्समध्यें धुक्यांत अशींच खालचा मार्ग पाहात समोरासमोरून येणारीं दोन विमानें एकमेकांवर आदळलीं आणि सात माणसें प्राणास मुकलीं. उतारूंच्या विमानांची आकाशांतील ती पहिली टक्कर. त्यानंतर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे मार्ग निराळे आखले गेले. आज विमानें दोऱ्याच्या सरळ रेषेंत न जातां ठरवून दिलेल्या आकाशमार्गांनीं वळणें घेत जातात. त्या शिस्तीच्या मुळाशीं असे बळी आहेत. हें आठवलें आणि फलकावरील ‘उशीर’ या शब्दाचा माझा राग थोडा निवळला.

मात्र घड्याळाकडे पाहून पोटांत कालवत होतें. भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मामा, तुम्हीं सावकाश या. पण आई सकाळपासून जेवली नाहीं. ओवाळल्यावांचून जेवायचें नाहीं म्हणते.”

अखेर तीन तास पांच मिनिटें उशिरां, दुपारीं एक पंचवीसला विमान जागचें हललें. आतां मला सव्वा तासाचा अर्थ हळूंहळूं कळूं लागला. वेळापत्रकांतला काल म्हणजे उडण्याचा काल नव्हे. विमान एका विमानतळावरील आपल्या जागेवरून हललें कीं तो मोजावयास लागतात आणि दुसऱ्या विमानतळावर ठरल्या जागीं उभें राहिलें कीं थांबतात. त्यांतलीं पंधरावीस मिनिटें तर आम्ही चाकांवरच होतों. पुढें विमानांची रांग, मागें विमानांची रांग. उडालें तेंहि पश्चिमेकडे तोंड करून! पॅरिस आग्नेयेस, पण विमान वाऱ्याला सामोरें जाऊन उडतें, आणि तेथें वारा बहुधा पश्चिमेचा. मग वळसा घेऊन तें दक्षिणेकडे निघालें. वर चढावयास कांहीं वेळ, खालीं उतरावयास कांहीं वेळ. पूर्ण वेगानें जाणें तें मधल्या थोड्या मिनिटांचें. चहाचा पेला हातीं येतो न येतो तोंच तो परत मागूं लागले.

इंग्लंडची खाडी ओलांडतांना मात्र ढग फांकले आणि फ्रान्सचा किनारा दिसला. त्याच किनाऱ्यावर उत्तरेकडे आर्दलो नांवाचें गांव आहे. १९०९ सालीं ज्यानें ही खाडी प्रथम विमानानें ओलांडली, त्या ब्लेरिओचें घर तेथें होतें, आणि शेजारींच टाटा कुटुंबाचें. वाळूंत उतरणारीं तीं विमानें पाहून जें पोर वेडें झालें, त्यानेंच पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहूवर टपालाचें विमान आणून उतरविलें. जहांगीर टाटांना उडण्याचें वेड लागलें तें या किनाऱ्यावर, हें मनांत येऊन तो धुरकट किनारा मला एकदम ओळखीचा वाटला.

जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हां जमिनीला लागेपर्यंत मीं घड्याळ लावून पाहिलें. पन्नास मिनिटें झालीं. त्यानंतर विमान पुन्हां चाकांवर बराच वेळ चाललें, आणि उभें राहिलें तेव्हां पॅरिसचे तीन चाळीस झाले होते. पुढें पारपत्रें तपासणारांची रांग. तींत माझी पाळी येईपर्यंत पाऊण तासाहून अधिक गेला. विमानतळ शहरापासून पंचवीस किलोमीटर ईशान्येस. भाचीचें घर शहराच्या पार दक्षिणेस, आंतोनी येथें. मधल्या सर्व पॅरिसला आरपार छेदून जाणारी गाडी पकडली. वाटेंत ल बूर्जेचें स्टेशन लागलें. १९२७ सालीं एकट्यानें अटलांटिक ओलांडून आलेला लिंडबर्ग जेथें उतरला, तोच हा विमानतळ. आज तेथें विमानांचें संग्रहालय आहे. १९१९ चें तें पहिलें विमान अडीच तासांत येथें पोंचलें होतें. माझी गाडी त्या स्टेशनाला लागली तेव्हां घर सोडून मला नऊ तास होऊन गेले होते!

भाचीच्या दाराची घंटा वाजविली तेव्हां सहा वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. बाहेर काळोख पडला होता. आंत पाहतों तों दिवाणखान्याच्या फरशीवर रांगोळी, रांगोळींत पाट, शेजारीं समई, आणि दाराशीं प्रवासाच्या पेट्या बांधून ठेवलेल्या. ताई खुर्चीवर लुगड्याचा पदर सांवरून बसली होती.

“विमानानें आलास ना रे?” ती म्हणाली. “मग एवढा उशीर कां? मी म्हटलें, आतां चंद्रालाच ओवाळतें. तर तोहि ढगांत दडून बसला. दोघे भाऊ सारखेच!”

मी पाटावर बसलों. तिनें कुंकूं लावलें, अक्षता लावल्या, सुपारी फिरविली. निरांजनाच्या तबकाचा भार तिला पेलवेना, म्हणून भाचीनें खालून हात दिला. ओवाळणीचें पाकीट तबकांत ठेवतांना मला बोलावयास कांहीं सुचेना. मग ती चार घांस जेवली. मी तिच्या शेजारीं बसून लंडनच्या करंज्या वाढीत होतों. जेवतां जेवतां मीं तिला माझ्या हिशेबाची फजिती सांगितली: दोरा, गोल, पंचवीस मिनिटें, सव्वा तास.

ती म्हणाली, “लहानपणींहि तूं असाच होतास. आपल्या गांवीं कृष्णेच्या पलीकडचें देऊळ समोर दिसे, म्हणून तूं म्हणायचास, ‘हें काय जवळ आहे.’ बाबा म्हणत, ‘देऊळ किती जवळ आहे तें विचारूं नये, तर किती वेळानें येते तें विचारावें.’ विसरलास वाटतें!”

तीस वर्षें भूगोल शिकविला. पण माझ्या साऱ्या चुकीचा उलगडा वडिलांच्या त्या एका वाक्यांत होता. देवळाला जावयास नदी केवढी रुंद आहे यावर वेळ ठरत नसे; तर पलीकडच्या कांठाला किती खोळंबते, तारवाला जेवावयास गेला आहे कीं काय, उतारू किती जमले आहेत, यावर ठरे. आज नदीच्या जागीं आकाश आलें, तरीच्या जागीं विमान आलें. कांठ मात्र पूर्वीसारखेच राहिले, किंबहुना अधिक रुंद झाले.

पुढें दोन दिवसांनीं मी आगगाडीनें लंडनला परतलों. १९९४ पासून ही गाडी समुद्राखालच्या बोगद्यांतून जाते; बोगदा पन्नास किलोमीटरांचा, त्यांतील अडतीस किलोमीटर समुद्रतळाखालीं, आणि तो ओलांडावयास सुमारें वीस मिनिटें पुरतात. रुळांचा मार्ग ४९२ किलोमीटरांचा, म्हणजे विमानाच्या सरळ रेषेपेक्षां जवळजवळ दीडशें किलोमीटरांनीं लांब. दोन्ही देशांची पारपत्रतपासणी चढण्यापूर्वींच उरकते, म्हणून उतरल्यावर मनुष्य थेट रस्त्यावर येतो. आंतोनीच्या दारापासून हॅरोच्या दारापर्यंत मला पांच तास लागले. विमानानें जातांना लागले होते दहा तास दहा मिनिटें. त्यांतील धुक्याचे तीन तास पांच मिनिटें वजा घातलीं तरी सात तास पांच मिनिटें उरतात. १९२९ सालीं आगगाडी, मग बोट, मग पुन्हां आगगाडी असें करीत लंडनहून पॅरिसला जावयास शहरापासून शहरापर्यंत सुमारें साडेसहा तास लागत. पणजोबांच्या पिढीहून आकाशांतला आमचा वेग कितीतरी वाढला. पण वाढला तो केवळ पन्नास मिनिटांपुरता.

यावरून विमान वाईट असा निष्कर्ष कोणी काढूं नये. मुंबईहून लंडनला येतांना मीं विमानाचे उपकारच मानले. वाट लांब असली म्हणजे कांठावरचे चार-पांच तास तिच्यांत जिरून जातात. वाट आंखूड असली म्हणजे ते वाटेलाच गिळून टाकतात. मुलांनीं, नातवंडांनीं ‘एवढ्या तासांत येतों’ असें कळविलें, तर घरांतील वडील मंडळींनीं एवढेंच विचारावें: हे तास विमानाचे कीं तुझे? आणि ज्याला कोणाच्या पाटावर वेळेवर बसावयाचें आहे, त्यानें दोऱ्यानें अंतर मोजूं नये. दारापासून दारापर्यंत मोजावें.

त्या दिवशीं सात वाजतां भाचीचे यजमान ताईच्या पेट्या उचलून खालीं गेले. ताई जिना उतरतांना माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरली. मोटारींत बसल्यावर तिनें कांच खालीं केली आणि म्हणाली, “पुढच्या वर्षीं नागपुरास ये. आदल्या दिवशीं ये.”

मोटार वळून गेल्यावर मीं संवयीनें घड्याळ पाहिलें. सहा दहापासून सातपर्यंत बरोबर पन्नास मिनिटें भरलीं होतीं. तेवढींच मीं आकाशांतहि घालविलीं होतीं. तीं पन्नास मिनिटें वेळापत्रकांत होतीं, हीं नव्हतीं. नागपूरचें आरक्षण मीं करून ठेवलें आहे. आगगाडीचें, आणि आदल्या दिवशींचें.